हूडच्या गाडीवरची शीळ : ॲक्सेसरीजमुळे होणारा वाऱ्याचा आवाज कसा कमी करावा

कापडी हूडची गाडी घेतली की आवाज सहन करावाच लागतो, असे गॅरेजमध्ये हटकून ऐकायला मिळते, आणि ते निम्मे खरेही आहे. हूडचे कापड आवाज अडवू शकत नाही, कारण आवाज अडवायला वजन लागते. ०.८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सव्वासहा किलो भरते आणि हूडचे कापड त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण न अडवणे वेगळे आणि निर्माण करणे वेगळे. शोरूममधून आलेली कोरी गाडी ऐंशीच्या वेगाला सरसर असा एकसारखा आवाज करते; शीळ, घुमणे आणि भुणभुण हे प्रकार बहुतेक वेळा आपण हौसेने बसवलेल्या वस्तूंबरोबर येतात. पुढच्या काचेवरचा लाइट बार म्हणजे एलईडी दिव्यांची आडवी पट्टी, टपावरचा कॅरिअर, इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी म्हणजे स्नॉर्केल, लांब एरियल, दारावरचे पावसाळी व्हायझर हे त्यातले नेहमीचे संशयित होत.

हा लेख प्रामुख्याने २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या दुसऱ्या पिढीच्या महिंद्रा थारच्या कन्व्हर्टिबल हूडला धरून लिहिला आहे, कारण माझ्याकडे तीच गाडी आहे. मात्र २०१० ची जुनी थार, हूडची मारुती जिप्सी किंवा जीप रँग्लर यांनाही यातले जवळजवळ सगळे लागू पडते. या सर्व गाड्यांची पुढची काच बरीचशी उभी असते. तिच्यावर आपटलेला वारा काचेच्या वरच्या कडेवरून वेग घेऊन उसळतो, आणि आपण लाइट बार नेमका त्याच जागी बसवतो.

आधी आवाज ओळखावा

बहुतेक जण इथेच चुकतात, मीही चुकलो होतो. माझ्या गाडीला सत्तर ते पंच्याहत्तरच्या दरम्यान एक कर्कश शीळ येत असे. हूडमधूनच हवा शिरत असणार, असे गृहीत धरून मी एका दुकानातून हूडच्या आतून लावायचे जाड अस्तर शिवून घेतले. पैसे गेले, टपाची उंची आतून दोन बोटे कमी झाली आणि शीळ होती तिथेच राहिली. ती लाइट बारच्या खालच्या खोबणीतून येत होती आणि शेवटी रबराच्या दोन बुचांनी बंद झाली.

म्हणून कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी आवाज वाऱ्याचाच आहे, याची खात्री करून घ्यावी. वेग कायम ठेवून एक गिअर खाली घ्यावा. आवाजाची पट्टी बदलली तर तो इंजिनाचा, स्नॉर्केलमधून ओढल्या जाणाऱ्या हवेचा किंवा एक्झॉस्टचा आहे. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा रस्ता लागल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा आहे, आणि ऑफरोड टायर बसवलेल्या गाडीत ही शक्यता आधी तपासावी. त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन परत यावे. वारा समोरून असताना आवाज वाढला आणि पाठीमागून असताना कमी झाला, तर तो वाऱ्याचा आहे यात शंका उरत नाही.

यानंतरची परीक्षा सगळ्यांत उपयोगी आहे आणि तिला कान सोडून काहीच लागत नाही. शेजारी बसलेल्याने डोळे मिटून ऐकावे आणि चालकाने वेग साठपासून नव्वदपर्यंत सावकाश वाढवत न्यावा. वेगाबरोबर सूरही सलग चढत गेला, तर आवाज एखाद्या दांडीचा, तारेचा किंवा पट्ट्याचा आहे. सूर एकाच पट्टीत राहिला, ठरावीक वेगाला एकदम सुरू झाला आणि थोडे पुढे गेल्यावर एकदम थांबला, तर कुठेतरी पोकळी आहे आणि वारा तिच्या तोंडावरून बासरीसारखी फुंकर मारतो आहे. सूरच नसेल, नुसती फडफड किंवा धपधप असेल, तर हूडचे कापड हलते आहे. घरात पेटी वाजवणारे कोणी असेल तर त्यांना बरोबर न्यावे. सूर चढला की तसाच राहिला, हे त्यांना पहिल्या फेरीत कळते.

दांडीच्या सुराचे गणित

वारा गोल दांडीवरून जाताना तिच्या मागे एकदा वरच्या आणि एकदा खालच्या बाजूने भोवरे सुटत राहतात. चेक भौतिकशास्त्रज्ञ विन्सेंट स्ट्रूहल यांनी १८७८ मध्ये तारांच्या सुराचा अभ्यास करून दाखवले की, हा सूर वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर अवलंबून असतो. आपल्या कामापुरता हिशेब असा की, वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावा, त्याला ०.२ ने गुणावे आणि दांडीच्या मीटरमधील व्यासाने भागावे. ऐंशीच्या वेगासाठी तर याहून सोपी युक्ती आहे : ४,४४० या आकड्याला दांडीच्या मिलिमीटरमधील जाडीने भागले की सुराची हर्ट्झमधील संख्या मिळते. सहा मिलिमीटरची सळई सुमारे ७४० हर्ट्झला वाजेल, तर पंचवीस मिलिमीटरचा पाइप १७८ हर्ट्झला घुमेल.

हाच हिशेब उलटाही करता येतो. मोबाइलवर सूर दाखवणारे ट्यूनरचे कोणतेही ॲप शेजारच्या व्यक्तीने चालू ठेवावे, ऐंशीच्या वेगाला येणारी संख्या टिपावी आणि ४,४४० ला तिने भागावे. उत्तर पाच-सहा आले तर कॅरिअरचे पाइप तपासत बसू नये. एरियल, पातळ सळई किंवा तशाच जाडीची एखादी वस्तू शोधावी. काचेच्या वरच्या कडेला वाऱ्याचा वेग गाडीच्या वेगापेक्षा जास्त असतो, त्यामुळे तिथल्या वस्तूचा सूर हिशेबापेक्षा थोडा चढा येतो, एवढी सूट धरावी.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. अशा आवाजाची शक्ती वेगाच्या साधारणपणे सहाव्या घाताने वाढते. ऐंशीवरून शंभरला गेल्यावर आवाज सुमारे सहा डेसिबेलने वाढतो, आणि समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे म्हणून वेग तिथपर्यंत नेला, तर वाढ साडेदहा डेसिबेलच्या घरात जाते, म्हणजे कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. उलट शंभरऐवजी नव्वदने गेल्यास ही शक्ती जवळजवळ निम्मी होते. हा उपाय फुकट आहे, पण तो कोणी करत नाही.

टेप लावून तपासणी

सूर कळल्यावर जागा शोधण्यासाठी रंगारी वापरतात तो कागदी मास्किंग टेप आणावा. सेलोटेप किंवा पॅकिंगचा टेप वापरू नये, कारण उन्हात त्याचा डिंक रंगावर बसतो. आणि कोणताही टेप हूडच्या पारदर्शक प्लॅस्टिक खिडक्यांना चिकटवू नये, त्या कायमच्या धूसर होतात. तपासणी पहाटे, वारा पडलेला असताना आणि रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर करावी. कोकणात दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की कोणत्याही दोन फेऱ्यांची तुलना करता येत नाही. द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी थांबवून टेप लावण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

पहिल्या फेरीत सगळ्या फटी, भोके आणि पाइपांची उघडी तोंडे टेपने बंद करावीत. शीळ थांबली तर पुढच्या प्रत्येक फेरीला एकेक टेप काढत जावे; ज्या टेपनंतर शीळ परत येते तीच जागा. एकेक टेप लावत जाण्यापेक्षा हा उलटा क्रम बरा, कारण अनेकदा दोन जागा एकाच वेळी वाजत असतात आणि एक बंद केल्याचा फरक दुसरीमुळे कळतच नाही. टेप लावूनही सूर जात नसेल तर वस्तूच काढून पाहावी, पण एका वेळी एकच. आवाज मोजायचा असेल तर मोबाइल दर वेळी त्याच जागी, शेजारच्या सीटच्या डोक्याच्या आधाराजवळ धरावा, जाता-येता दोन्ही फेऱ्यांची सरासरी घ्यावी आणि दोन-तीन डेसिबेलच्या फरकाला फारसा अर्थ देऊ नये.

लाइट बार

सर्वाधिक तक्रारी याच्याच असतात. लाइट बारच्या पाठीमागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या असतात, खाली किंवा बाजूला बोल्ट सरकवण्याची लांब खोबण असते आणि बार व काचेची चौकट यांच्यामध्ये बोटभर फट असते. या तीनही जागा वाजू शकतात.

खोबण बंद करणे सगळ्यांत सोपे. तिची दोन्ही टोके रबराच्या बुचांनी किंवा सिलिकॉनने बंद करावीत, आणि मधला रिकामा भाग दुकानात मिळणाऱ्या गोल स्पंज रबरच्या दोरीने भरावा. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये, कारण ते सुकताना सोडत असलेले आम्ल ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही खाते. डबीवर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले पाहून घ्यावे.

पाकळ्यांच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. सगळ्या पाकळ्या फोमने बुजवल्या तर शीळ नक्की थांबते, पण एलईडीची उष्णता बाहेर पडायची वाट बंद होऊन दिव्याचे आयुष्य घटते. त्यापेक्षा गाडीच्या दाराच्या कडेला लावतात ती इंग्रजी यू आकाराची रबरी पट्टी, जिला सगळेच बीडिंग म्हणतात, ती बारच्या वरच्या पुढील कडेवर बसवावी. तिच्यामुळे वारा पाकळ्यांपर्यंत एका सलग थरात पोहोचत नाही, आधीच विस्कटतो, आणि विस्कटलेल्या वाऱ्याला सूर धरता येत नाही. सलग पट्टीऐवजी तिचे तीन-तीन इंचांचे तुकडे असमान अंतरावर लावल्यास परिणाम अधिक चांगला येतो, असा माझा अनुभव आहे.

बार आणि चौकट यांच्यामधील फट जुन्या ट्यूबच्या रबराने किंवा घट्ट स्पंज पट्टीने भरावी. त्याआधी बारचा कोन दोन-तीन अंशांनी खालीवर करून एक फेरी मारावी. कधीकधी एवढ्यानेच काम होते आणि रबराची गरजच उरत नाही. तरीही आवाज राहिला तर बार काचेवरून उतरवून बंपरवर आणावा. तिथे जाळीसमोर वारा मंदावलेला असतो, शिवाय तो आपल्या कानापासून लांब जातो. नंबर प्लेट आणि रेडिएटरकडे जाणारी हवा मात्र अडता कामा नये. बंपरवर बार बसवण्याच्या निमित्ताने बुल बार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी गार्ड, लावण्याचा सल्ला काही दुकानदार देतात, तो ऐकू नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले आहे.

टपावरचा कॅरिअर

हूडच्या गाडीचा कॅरिअर कापडावर टेकत नाही, तो बाहेरच्या पाइपांच्या चौकटीवर उभा असतो, आणि म्हणून त्याच्या खालूनही वारा जातो. पहिली गोष्ट अशी की, गरज नसताना तो काढून ठेवावा. चार नटांचे काम असते, पण तेवढे आपण वर्षभर करत नाही.

काढायचा नसेल तर आडव्या पाइपांपैकी सगळ्यांत पुढच्या पाइपावर लक्ष द्यावे, कारण स्वच्छ वारा त्यालाच लागतो. कारखान्यांच्या लोखंडी चिमण्यांच्या वरच्या भागावर मळसूत्रासारखी फिरत गेलेली पट्टी अनेकांनी पाहिली असेल. भोवरे चिमणीच्या पूर्ण उंचीभर एकाच वेळी सुटू नयेत, प्रत्येक जागी वेगवेगळ्या क्षणी सुटावेत, यासाठी ती असते. तीच युक्ती पाइपावर दोरीने करता येते. चिमणीसाठी रूढ असलेले प्रमाण म्हणजे तीन पट्ट्या, पट्टीची उंची व्यासाच्या एक दशांश आणि एका पूर्ण वेढ्याला व्यासाच्या पाचपट लांबी. पंचवीस मिलिमीटरच्या पाइपासाठी याचा अर्थ अडीच-तीन मिलिमीटर जाडीची दोरी आणि दर सव्वाशे मिलिमीटरला एक वेढा.

दोरी गुंडाळताना पाइपाच्या एका टोकाला घेरावर समान अंतराने तीन खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेपासून एक, अशा तीन दोऱ्या सुरू कराव्यात. प्रत्येक टोक केबल टायने आवळावे, दोरी ओढून ताठ ठेवत पुढे न्यावी आणि दर फूटभर अंतरावर तिच्याखाली सिलिकॉनचा एक थेंब द्यावा, म्हणजे ती सरकत नाही. वेढे जवळजवळ, स्प्रिंगसारखे घालू नयेत. तसे केल्यास पाइप केवळ जाड होतो आणि सूर बदलून तसाच राहतो. माझ्या कॅरिअरच्या पुढच्या पाइपावर हे काम करायला एक तास लागला आणि ऐंशीला येणारे घुमणे पूर्ण गेले. मधल्या पाइपांना काहीच केले नाही आणि करावे लागलेही नाही.

यानंतर पाइपांची उघडी तोंडे. फॅब्रिकेटरने बनवलेल्या कॅरिअरमध्ये चौकोनी पाइप असतील तर टोके बहुधा उघडीच सोडलेली असतात. खुर्च्या-टेबलांच्या पायांना बसवतात त्या प्लॅस्टिकच्या टोप्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापात मिळतात, त्या ठोकून बसवाव्यात. वापरात नसलेल्या बोल्टच्या भोकांमध्येही आखूड बोल्ट आणि रबरी वायसर घालून टाकावेत. फक्त प्रत्येक पाइपाच्या तळाशी, मागच्या बाजूला चार मिलिमीटरचे एक भोक मोकळे ठेवावे. आपल्या पावसाळ्यात पाणी कुठूनही आत शिरतेच, आणि बाहेर पडायला वाट नसली तर दोन वर्षांत पाइप आतून कुजतो.

सामान बांधायच्या चपट्या पट्ट्यांची भुणभुण हा एक वेगळाच छळ आहे, पण तो मिटवायला पैसे लागत नाहीत. पट्टा आवळण्यापूर्वी त्याला दर हातभर अंतरावर अर्धा पीळ द्यावा. सपाट पट्टा पानासारखा फडफडतो, पीळ दिलेला फडफडत नाही.

कॅरिअरसमोर वारा वर उडवणारी आडवी पाटी बसवण्याची पद्धत आहे. पत्र्याच्या टपावर ती चांगली चालते, हूडच्या गाडीवर जपून वापरावी. पाटीची खालची कड कापडाला टेकली तर कंपनाने हूड घासून फाटतो, आणि फट ठेवली तर तिथून घुसणारा वारा कापडाला झोडपतो. बसवायचीच असेल तर ती पुढच्या पाइपापेक्षा थोडी उंच असावी, मागे कललेली असावी आणि खालच्या कडेला मऊ रबराची झालर असावी. दोरीने काम भागत असेल तर मी पाटीच्या वाटेला जाणार नाही.

बाकीच्या वस्तू

स्नॉर्केल आणि काचेचा खांब यांच्यामधील फटीत स्पंज पट्टी चिकटवली की बहुधा पुरते. लांब एरियलवर बारीक दोरीचा वेढा घालावा किंवा तो बदलून आखूड घ्यावा. कंपन्यांच्या अनेक एरियलवर असा सर्पिल वेढा मुळातच असतो, तो शोभेसाठी नसतो. दारावरच्या पावसाळी व्हायझरची पुढची कड काचेच्या चौकटीपासून सुटली असेल तर तिथला डबल टेप बदलावा. स्टेपनी, मागचा जेरी कॅन आणि साइड स्टेप यांच्यावर वेळ घालवू नये. मागे वारा आधीच विस्कटलेला असतो आणि खाली टायरचा आवाज त्याला झाकून टाकतो.

सगळ्यांत शेवटी हूड

ॲक्सेसरीज गप्प झाल्यावर जे उरते ते हूडचे. काचेच्या चौकटीवरच्या रबरात वहीच्या कागदाची पट्टी ठेवून लॅच बंद करावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही, आणि लॅच आवळणे किंवा रबर बदलणे आवश्यक आहे. दर अर्ध्या फुटावर ही तपासणी करावी, कारण कोपऱ्यांत रबर आधी बसते. कापड ताणून वेल्क्रो आणि पट्टे बसवायचे काम गाडी तासभर उन्हात ठेवून करावे. थंडीत कापड आखडलेले असते, त्या वेळी ताणून बसवलेला हूड उन्हाळ्यात सैल पडतो आणि पुन्हा फडफडू लागतो. आतून अस्तर लावायचेच असेल तर ते आता लावावे. वजन दुप्पट झाले तरी आवाजात कागदोपत्री सहा डेसिबेलचाच फरक पडतो आणि कडांच्या फटींमुळे प्रत्यक्षात तोही पूर्ण मिळत नाही, हे गृहीत धरून खर्च करावा.

बसवलेले सर्व नट-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, कारण नवे रबर दबते आणि पकड सैल होते. दोरी नायलॉनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची न घेता पॉलिस्टरची घ्यावी. उन्हात ती अधिक टिकते. तरीही दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, पुढच्या पाइपावरून नख फिरवून पाहावे आणि तंतू सुटू लागले असतील तर तीनही दोऱ्या एकदमच बदलाव्यात.